सायकलच्या दुकानातून उभा राहिला नांगराचा कारखाना. कुंडल रोडच्या माळावर आलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट

किर्लोस्करवाडी (ता. पलूस) : सांगलीहून पुण्याकडे निघालेली रेल्वे नांद्रे, भिलवडी ओलांडली की किर्लोस्करवाडी स्टेशनात येते. या स्टेशनचं जुनं नाव कुंडल रोड. तेव्हा आजूबाजूला नुसता माळ होता. निवडुंगाचं रान, त्यात नागसाप, पाऊस बेताचा आणि वस्ती नावाला. अशा जागी १० मार्च १९१० रोजी चाळिशी गाठलेला एक माणूस कारखाना काढायला आला. सोबत पंचवीसेक कामगार, त्यांची बायकामुलं, बेळगावहून हलवलेली यंत्रं आणि हत्यारं. गाठीला पैसा म्हणावा तर तो औंधच्या राजानं दिलेल्या कर्जाचा.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर हे नाव आपल्याकडं नांगर, चरक, पंप आणि इंजिन यांच्याशी जोडलेलं आहे. कृष्णाकाठच्या किती विहिरींवर या नावाची इंजिनं धडधडली, त्याचा हिशेब लागणार नाही. पण या सगळ्याची सुरुवात नांगरापासून झाली नाही, ती सायकलपासून झाली. सायकल विकायची, ती चालवायला शिकवायची आणि बिघडली की दुरुस्त करायची, असं ते दुकान होतं. नव्या पोरांना हे सांगितलं तर अजून खरं वाटत नाही.

रंग ओळखता येईनात

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा. गाव बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. संगीत नाटकं लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक, म्हणजे घरात पोथ्या होत्या, हातोडी-कानशीचा काही संबंध नव्हता. या पोराचं मात्र पुस्तकात मन लागेना. त्याला दोनच गोष्टींचा नाद होता, चित्रं काढायची आणि यंत्रं खोलून बघायची.

चित्रकार व्हायचं म्हणून तो मुंबईला जे. जे. कला महाविद्यालयात गेला. एकदोन वर्षं झाली आणि एक गोष्ट लक्षात आली, की याला काही रंगांमधला फरक कळत नाही. रंगांधळेपणा. चित्रकाराला याहून मोठा फटका कोणता? दुसरा कुणी असता तर गाव गाठून गप्प बसला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेघ धरली. यंत्रांच्या आकृत्या काढायला रंग लागत नाहीत, माप लागतं. ते यांत्रिक आरेखन शिकले आणि भायखळ्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवायला लागले. आज मुंबईत माटुंग्याला जी व्हीजेटीआय आहे, तीच ही संस्था.

त्या नोकरीनं पगारापेक्षा मोठी गोष्ट दिली. संस्थेची कार्यशाळा होती. तिथं लेथ होता, छिद्र पाडायची यंत्रं होती, मापं घ्यायची साधनं होती. शिकवून झालं की लक्ष्मणराव त्या कार्यशाळेत जायचे, यंत्रं कशी चालतात, कशी जोडतात, कशी बिघडतात ते हातानं करून बघायचे. इंग्रजी बेताचं होतं, तरी यंत्रांची इंग्रजी पुस्तकं वाचत राहिले. इंजिनिअरची पदवी त्यांच्याकडं कधीच नव्हती.

बेळगावचं दुकान

मुंबईत एका पारशी गृहस्थाला सायकलवरून जाताना त्यांनी पाहिलं आणि गडी त्या यंत्रात अडकला, असं सांगतात. दोन चाकं आणि मधे एक साखळी, आणि माणूस घोड्याशिवाय पळतोय. सायकल त्या काळी श्रीमंताची चीज होती. तिची किंमत शेकड्यांत जायची, तेवढ्यात खेड्यातलं एक कुटुंब कितीतरी महिने खात असे.

लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे आणि बेळगावात थोरले भाऊ रामूअण्णा त्या विकायचे. किर्लोस्कर उद्योगसमूह आपलं स्थापनेचं साल १८८८ मानतो, ते या दुकानाचं. किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव त्या दोघा भावांवरून पडलं. सायकल घेणाऱ्याला ती चालवता येत नसे, म्हणून शिकवणीही दुकानातच. शिकवायची फी पंधरा रुपये होती असं सांगतात. म्हणजे आजच्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलचाच धंदा, फक्त दोन चाकांवरचा.

पुढं मुंबईच्या नोकरीत बढतीची वेळ आली आणि लक्ष्मणरावांचा हक्क डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. त्यांनी राजीनामा दिला आणि थेट बेळगाव गाठलं. सरकारी पगार सोडून भावाबरोबर सायकलच्या दुकानात बसायचं, हे त्या काळी घरातल्या किती जणांना पटलं असेल? पण ज्या दुकानावरून आजही बेळगावातल्या एका रस्त्याला किर्लोस्कर रोड म्हणतात, ते दुकान असं दोघा भावांच्या पूर्ण हाताखाली आलं.

सायकल काय शिकवते

इथं जरा थांबायला हवं, कारण पुढच्या सगळ्या कारखान्याची चावी या दुकानात आहे.

ज्यानं घरी कधी सायकल खोलली असेल त्याला ठाऊक आहे, की सायकल साधी दिसते पण धसमुसळेपणा अजिबात सहन करत नाही. हबमधला कोन सैल झाला की चाक लटपटतं, जास्त आवळला की चाक जड फिरतं आणि आतले छर्रे कप खाऊन टाकतात. तो बेतात बसवायला पातळ तोंडाचा पाना लागतो. एका पान्यानं कोन धरायचा आणि दुसऱ्यानं त्यावरची चेकनट आवळायची. जाड पाना तिथं बसतच नाही, आणि पकडीनं धरलं तर कोनाच्या कडा गोल होतात. मग तो कोन पुन्हा कुठल्याच पान्याला दाद देत नाही.

रिमचा आऊट काढायचा तर स्पोकच्या निपलला नेमकी बसणारी चावी हवी. पाव फेरा या बाजूला, पाव फेरा त्या बाजूला, असं करत चाक सरळ होतं. घाईत एकच तार ताणली तर दुसरीकडं रिम ओढली जाते. पेडलचं तर वेगळंच. उजव्या पेडलला सरळ आटे आणि डाव्याला उलटे. हे माहीत नसलेला माणूस डावं पेडल काढायला म्हणून जोर लावतो आणि ते आणखी घट्ट करून ठेवतो. जुन्या सायकलची कॉटर पिन काढताना नट पूर्ण काढून पिनेच्या डोक्यावर नुसती हातोडी मारली, की आटे चेपलेच म्हणून समजा. जाणता कारागीर नट थोडा सैल करून तसाच ठेवतो आणि मग ठोका देतो, म्हणजे मार नटावर बसतो, आटे वाचतात. फ्रीव्हील काढायला त्याच्या खाचेत बसणारा पुलर लागतो. तो नसला की लोक छिन्नी लावतात, आणि मग नवं फ्रीव्हील घ्यायची वेळ येते.

एवढं सगळं सांगायचं कारण असं, की हे काम लोहाराच्या कामापेक्षा मुळात वेगळं आहे. गावचा लोहार अंदाजानं काम करतो आणि चांगलं करतो. विळा असो, खुरपं असो, प्रत्येक वस्तू वेगळी, त्या हातापुरती. सायकलचं तसं चालत नाही. एका बनावटीच्या एका सायकलचा कोन त्याच बनावटीच्या दुसऱ्या सायकलला बसलाच पाहिजे, कारण तो मापानं केलेला असतो. बसला नाही तर भाग चुकला, सायकल नाही. ही मापाची, आट्यांची आणि बदलून बसणाऱ्या सुट्या भागाची दुनिया त्या काळी बेळगावसारख्या गावात कुठं शिकायला मिळणार? ती सायकलच्या दुकानात मिळाली.

जगात इतर ठिकाणीही तेच घडत होतं. अमेरिकेतल्या डेटन गावात राईट बंधूंनी १८९२ साली सायकलचं दुकान काढलं. त्याच दुकानातल्या लेथवर आणि ड्रिलवर त्यांच्या विमानाचं इंजिन तयार झालं, आणि विमानाचे पंखे फिरवायला त्यांनी सायकलसारखीच साखळी लावली. झेक मुलखातल्या म्लादा बोलेस्लाव इथं लाउरिन आणि क्लेमेंट या दोघांनी १८९५ मध्ये सायकलचा धंदा सुरू केला, त्याचीच पुढं श्कोडा मोटार झाली. जपानच्या सोइचिरो होंडांचे वडील लोहार होते आणि सायकली दुरुस्त करायचे. सायकलचं दुकान ही त्या पिढीची इंजिनिअरिंगची शाळा होती, असं म्हटलं तर चुकणार नाही.

सायकली विकून आणि दुरुस्त करून जे मिळालं, ते लक्ष्मणरावांनी यंत्रांत घातलं. सायकलच्या दुकानाला लेथची गरज तशी नसते. ज्याला उद्या स्वतःची वस्तू बनवायची आहे, त्याला ती असते. भावांनी एक छोटा कारखाना थाटला आणि शेतकऱ्याला लागणारी पहिली वस्तू काढली, कडबा कापायचं यंत्र. ज्वारीचा कडबा तसाच टाकला तर जनावर पाला खातं आणि धाटं तुडवून वाया घालवतं. बारीक केला की सगळा पोटात जातो. दुष्काळी मुलखातल्या माणसाला हा फायदा सांगावा लागत नाही. यंत्र चाललं.

दोन वर्षं, सहा नांगर

मग आला नांगर. साल १९०३. योगायोग असा, की राईट बंधूंचं विमान उडालं तेही याच वर्षी.

आपल्याकडं तेव्हा बाभळीचा लाकडी नांगर. तो जमीन उकरतो, पण पलटत नाही. काळ्या रानात हरळी आणि कुंदा माजला की लाकडी नांगराचं काही चालत नसे. मुळं खोल, आणि फाळ वरच्यावर. शेतकरी अनेक बैलजोड्या जुंपून रान काढायचे, नाहीतर पडीक टाकायचे. इंग्लंड-अमेरिकेचे लोखंडी नांगर येत होते, पण महाग. आणि भाग मोडला की आणायचा कुठून? लक्ष्मणरावांनी ठरवलं, की असा नांगर इथंच ओतायचा आणि त्याचे सुटे भाग इथंच द्यायचे.

नांगर तयार झाला आणि कुणी घेईना.

लोखंडाचा नांगर घातला की जमिनीत विष कालवतं, रान नासतं, असा समज पसरलेला होता. तसं बघितलं तर लाकडी नांगरालाही फाळ लोखंडाचाच असायचा. पण शेतकऱ्याच्या शंकेला हसणं सोपं आहे. त्याच्याकडं एकच रान होतं, एक हंगाम वाया गेला तर सावकाराच्या दारात उभं राहायचं त्यालाच होतं. कारखानदाराचा नांगर पडून राहिला तर पैसा अडकतो, शेतकऱ्याचं रान बिघडलं तर घर उपाशी राहतं. शिवाय लाकडी नांगर दुरुस्त करायला गावात सुतार होता, बलुत्यावर काम करायचा. लोखंडी नांगराचा नट हरवला तर शेतकरी कुणाकडं जाणार? ही अडचण विषापेक्षा खरी होती.

पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं माल तयार, पैसा अडकलेला, कामगारांचा पगार चुकत नाही आणि गिऱ्हाईक नाही. या काळात लक्ष्मणरावांनी काय केलं, तर नांगर सोडला नाही आणि जसा होता तसा लोकांच्या गळ्यातही मारला नाही. तो सुधारत राहिले. फाळ मऊ पडला तर दगडाळ रानात चार दिवसांत झिजतो, फार कडक ओतला तर दगडावर आपटून तुटतो. ओतकामात हाच सगळा खेळ असतो. लोखंड कुठल्या साच्यात किती लवकर थंड होतं, त्यावर त्याचा कडकपणा ठरतो. लोखंडी साच्याला टेकलेला भाग पटकन गार होऊन कडक होतो, वाळूतला सावकाश गार होऊन मऊ राहतो. हे कागदावर वाचून येत नाही. ओतायचं, रानात घालायचं, मोडलेलं परत आणायचं, पुन्हा ओतायचं.

आणि सुटे भाग. फाळ झिजला तर नवा फाळ त्याच भोकात, त्याच बोल्टावर बसला पाहिजे. शेतकऱ्याला एक पाना असला की झालं, बांधावर बसून त्यानं स्वतः बदलायचा. सायकलच्या दुकानात जी शिस्त हाताला लागली होती तीच इथं नांगरात उतरली. हळूहळू शेजारच्या रानात काळी ढेकळं पलटलेली दिसायला लागली, हरळी उन्हात वाळून जाताना दिसली. मग विष बाजूला राहिलं आणि मागणी सुरू झाली.

जरा कुठं बस्तान बसतंय, तोवर बेळगावच्या नगरपालिकेनं जागा सोडायला सांगितलं. शहर वाढवायचं होतं, त्यात कारखान्याची जागा गेली. भट्टी, यंत्रं, साचे, माणसं, सगळं घेऊन कुठं जायचं?

चित्रकार राजा

या वेळी औंध उपयोगी पडलं. आज सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात असलेलं औंध तेव्हा एक छोटं संस्थान होतं. त्याचे तुकडे दूरदूर विखुरलेले, कुंडलही त्यातलंच. संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, म्हणजे भवानराव, १९०९ मध्ये गादीवर आले होते. ते स्वतः चित्रकार. औंधच्या यमाईच्या देवळातल्या सभामंडपाच्या कामाच्या निमित्तानं लक्ष्मणरावांची आणि त्यांची ओळख पक्की झालेली होती. एकाला रंग दिसत होते आणि एकाला दिसत नव्हते, पण दोघांची दोस्ती जमली.

बाळासाहेबांनी हव्या त्या ठिकाणी जागा घ्या असं कळवलं आणि पैशाचीही सोय केली. लक्ष्मणरावांनी निवडली ती कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर पडीक जमीन. बघणाऱ्याला वेडेपणा वाटावा अशी. पण रेल्वे दारात होती. लोखंड आणि कोळसा आत यायला आणि नांगर बाहेर जायला दुसरं काय लागतं? निवडुंग तोडता येतो, रूळ हलवता येत नाहीत.

सुरुवातीला राहायला घरं नव्हती. बायकामुलं तात्पुरत्या आडोशात राहिली. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाईंनी आणि बाकीच्या बायांनी त्या माळावर संसार मांडले. आधी पाणी, मग चूल, मग कारखाना. या बाजूची नोंद फार कमी ठेवली गेली आहे, आणि ती ठेवायला हवी होती.

हाताखाली घेतलेली माणसं बघण्यासारखी होती. थोरले रामूअण्णा वसाहतीची आखणी आणि कारभार बघायचे. शंभोराव जांभेकर यंत्रांकडं, मंगेशराव रेगे हिशेबाकडं. के. के. कुलकर्णी पडेल ते काम करायचे. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण यंत्राच्या डोक्याचे. कागद बघून माणूस घ्यायचा असता तर यातल्या निम्म्यांना दारातून परत पाठवावं लागलं असतं. स्वतः लक्ष्मणरावांनाही!

शिक्षा भोगून आलेल्या, गावानं गुन्हेगार ठरवलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं. कारखान्याची राखण त्यांच्या हाती. वसाहतीत शिवाशिव चालणार नाही असं ठरवलं गेलं. १९१० च्या आसपासच्या आपल्या गावांची ज्यांना कल्पना आहे, त्यांना या एका नियमाचं वजन कळेल. गावात पाणवठे वेगळे आणि कारखान्यात एकाच भट्टीवर काम, असा तो काळ.

तोफांचे नांगर

कारखाना रुळावर येतो न येतो, तोवर १९१४ चं महायुद्ध लागलं. बाहेरून येणारे नांगर बंद झाले, त्यामुळं किर्लोस्कर नांगराला मागणी वाढली. पण लोखंड, कोळसा, रंग, सगळंच मिळेना. माल हवा सगळ्यांना आणि कच्चा माल नाही, अशी गत.

मग जुनं भंगार गोळा करणं सुरू झालं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफांचं लोखंड नांगरांसाठी दिलं, ही हकिगत या भागात आजही सांगतात. कोळशाच्या जागी लाकडाचा कोळसा, मिळेल त्यातून घरचा रंग. इथं कुणी म्हणेल की हा तर जुगाड झाला. पण यात फरक आहे. जळण बदललं, लोखंड बदललं, पण माप बदललं नाही. फाळ त्याच भोकात बसत राहिला. नसता बसला तर दोन वर्षं खपून कमावलेला शेतकऱ्याचा विश्वास एका हंगामात गेला असता.

नांगराबरोबर उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र, पाण्याचे पंप निघायला लागले. बैलाच्या चरकाचे लोखंडी रोलर आले आणि गुऱ्हाळाचं काम हलकं झालं. लाकडी चरकात जो रस चोथ्यात राहून जायचा, तो कढईत पडायला लागला. गुळाच्या या पट्ट्यात त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्सची मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतण्या शंकररावांनी वसाहतीतूनच किर्लोस्कर खबर हे मासिक काढलं. पुढं ते किर्लोस्कर मासिक म्हणून घरोघर गेलं, आणि त्याच्या जोडीला स्त्री आणि मनोहर ही मासिकंही निघाली. नांगराच्या कारखान्यातून महाराष्ट्राला वाचायला मासिकं मिळाली, हे प्रकरण एवढं मोठं आहे की ते इथं नुसतं नोंदवून पुढं जावं लागेल.

हत्यारं बनवणारी हत्यारं

मोठा मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत यंत्रशास्त्र शिकून १९२६ मध्ये परतला. बाप मुंबईच्या कार्यशाळेत उभ्या उभ्या शिकलेला आणि मुलगा जगातल्या नावाजलेल्या संस्थेत. दोघांची कामाची रीत वेगळी असणारच. पण कारखान्याच्या दृष्टीनं जमेची बाजू अशी, की बापानं मुलाला वाडीत बांधून ठेवलं नाही. पंप आणि डिझेल इंजिनांकडं कारखाना वळला, तो या पुढच्या पिढीच्या हातानं.

१९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहर इथं म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी निघाली. तिथं लेथ तयार व्हायला लागले. ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, पण सायकलच्या दुकानापासूनचा धागा पकडला तर महत्त्वाची हीच आहे. लेथ हे हत्यार बनवणारं हत्यार. ज्या माणसानं मुंबईला दुसऱ्याच्या कार्यशाळेत जाऊन लेथ शिकला, पहिला लेथ विकत आणला, त्याच्या घरानं देशात लेथ विकायला काढले. तालुक्याच्या गावातल्या कितीतरी वर्कशॉपमध्ये नंतर किर्लोस्करचा लेथ उभा राहिला. पंपाचा शाफ्ट घासला, बुश गेलं, आटे गेले, की शेतकऱ्याला मुंबई-पुण्याला जायची गरज उरली नाही. १९४६ मध्ये पुण्यात ऑईल इंजिनांचा आणि बेंगळुरूला विजेच्या मोटारींचा कारखाना निघाला, तोही नावानं किर्लोस्करच.

लक्ष्मणरावांना लकाकि म्हणूनही ओळखत, नावाच्या आद्याक्षरांवरून. उद्योगाच्या कारभाराची मोठी सूत्रं पुढं मुलांच्या आणि पुतण्यांच्या हाती गेली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचं निधन झालं. १९६९ साली जन्मशताब्दीला २० जून या दिवशी भारत सरकारनं त्यांचं टपाल तिकीट काढलं.

किर्लोस्करवाडीचा कारखाना अजून चालू आहे आणि तिथं आता मुख्यतः पंप बनतात. निवडुंगाच्या माळावर झाडी आहे, शाळा आहे, वसाहत आहे. औंधला बाळासाहेबांनी जमवलेल्या चित्रांचं भवानी संग्रहालय टेकडीवर आहे, यमाईचं दर्शन झालं की लोक तिथं जातात. पलूस, तासगाव, खटावकडच्या जुन्या वाड्यांच्या परड्यात एखादा गंजलेला लोखंडी नांगर अजून भिंतीला टेकलेला सापडतो. त्याचा फाळ बघा, दोन बोल्ट आणि दोन नट. नीट मापाचा पाना लावला आणि रात्रभर रॉकेल सोडून ठेवलं, तर बहुतेक वेळा तो आजही सुटतो.